एका दैनिकाने खाल्लेला पक्ष

डावा पक्ष फुटला की आपण त्याचे ठराव वाचायला घेतो. कोणाची लाइन उजवीकडे झुकली, कोण संधिसाधू, कोणी अमुक परिषदेच्या प्रबंधाला हरताळ फासला. मला ही पद्धत उलटी वाटते. ठराव सर्वांत शेवटी वाचावेत. आधी छापखाना कोणाच्या नावावर आहे ते पाहावं, पूर्णवेळ कार्यकर्त्यांचं मानधन किती थकलंय ते पाहावं, आणि शाखांकडे अंकाच्या बाकीचा आकडा किती चढलाय ते विचारावं. पाणी तिथे मुरत असतं. ठरावात दिसते ती भिंतीवर उमटलेली ओल.

ब्रिटनमधली वर्कर्स रिव्होल्यूशनरी पार्टी, थोडक्यात डब्ल्यूआरपी, हे याचं ठसठशीत उदाहरण. १९८५ च्या शरद ऋतूत हा त्रोत्स्कीवादी, म्हणजे स्टालिनचा विरोधक त्रोत्स्की याला मानणारा, पक्ष काही आठवड्यांत कोलमडला. फुटीनंतर प्रत्येक गटाने दुसऱ्याची धुणी चव्हाट्यावर धुतली. त्यामुळे एरवी कुलूपबंद राहणारे कागद, पावत्या, पत्रं आणि समित्यांचे अहवाल आज कोणालाही वाचता येतात. एवढी सोय फार थोड्या पक्षांनी करून ठेवली आहे.

पक्षाचा कर्ताधर्ता गेरी हीली. जन्म १९१३, आयर्लंडमधल्या गॉलवेचा. पोरवयात इंग्लंडला आला, कम्युनिस्ट पक्षात गेला, तिथून त्रोत्स्कीवाद्यांत. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याचा छोटा गट लेबर पार्टीच्या पोटात शिरून काम करत होता. नशीब उघडलं १९५६ साली. ख्रुश्चेव्हचं स्टालिनविरोधी भाषण आणि पाठोपाठ हंगेरीत शिरलेले रणगाडे, यांमुळे ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षातून हजारो माणसं बाहेर पडली. बुडापेस्टहून ‘डेली वर्कर’ या ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षाच्या दैनिकासाठी बातम्या पाठवणाऱ्या पीटर फ्रायरच्या बातम्या त्याच्याच वृत्तपत्राने दाबल्या, तो हीलीकडे आला. क्लिफ स्लॉटर आला, ब्रायन पीअर्स आला. शिकलेली, लिहिणारी, वाद घालणारी माणसं. त्यांतून १९५९ साली सोशलिस्ट लेबर लीग उभी राहिली आणि त्याच वर्षी फ्रायर बाहेरही पडला. हीलीला लिहिणारी माणसं हवी असत, वाद घालणारी नकोत, हे पहिल्याच खेपेला दिसलं होतं. लीगचं रूपांतर नोव्हेंबर १९७३ मध्ये पक्षात झालं.

आता दैनिकाकडे येऊ. सप्टेंबर १९६९ मध्ये लीगने ‘वर्कर्स प्रेस’ हे दैनिक सुरू केलं. जगातलं पहिलं त्रोत्स्कीवादी दैनिक, असं ते अभिमानाने सांगत. वृत्तपत्र हे पक्षाचं सामूहिक संघटक असतं, ही लेनिनची कल्पना डाव्यांत सर्वांना पाठ. पण लेनिनने ती मांडली तेव्हा त्याच्यासमोर रशियाभर विखुरलेल्या, एकमेकांची गाठही न पडणाऱ्या मंडळांचा प्रश्न होता. ब्रिटनमधल्या एवढ्याशा संघटनेने रोज अंक काढायचं ठरवलं, तेव्हा तिने संघटकाऐवजी एक न भरणारं पोट दाराशी आणून बांधलं.

दैनिक पक्षाला कसं पिळतं, ते साध्या हिशेबाने समजून घेता येईल. आकडे उदाहरणापुरते धरू. शाखेत दहा जण आहेत, कोटा रोज साठ अंकांचा. पहाटे कारखान्याच्या गेटवर दोघं उभे राहतात, संध्याकाळी वस्तीत आणि दारूच्या गुत्त्यांत दोघं-तिघं फिरतात. खपतात पस्तीस. पंचवीस उरतात. आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे दीडशे अंक शिल्लक. मध्यवर्ती कार्यालय न खपलेले अंक परत घेत नाही; बिल साठचंच येतं. कोटा कमी करा म्हणावं तर ते राजकीय माघारीचं लक्षण ठरतं, ‘कामगारवर्गाबद्दल अविश्वास’ ठरतो. मग उरलेल्या दीडशे अंकांचे पैसे दहा जण आपल्या खिशातून भरतात, वर्गणी वेगळी, मासिक निधी वेगळा. ज्यांना भरणं होत नाही त्यांच्या नावावर बाकी चढते. बाकीदार माणूस बैठकीत तोंड उघडत नाही. उघडलंच तर पहिला सवाल येतो, ‘कॉम्रेड, तुमच्या शाखेची बाकी किती?’

इथे खरी मेख आहे. अंकाची बाकी ही पक्षांतर्गत लोकशाहीला लागलेली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ कडी. तिला हकालपट्टी लागत नाही, चौकशी लागत नाही.

दुसरं, या हिशेबात खोटं बोलणं सर्वांच्या सोयीचं होतं. शाखेचा चिटणीस खप फुगवून सांगतो, विभागाचा संघटक त्यात भर घालून वर पाठवतो, केंद्रात बेरीज होते आणि त्या बेरजेवर पुढच्या वर्षीचा कोटा ठरतो. सभासदसंख्येचंही तसंच. मोर्चात एकदा फॉर्म भरलेलं पोरगं कायमचं सभासद. कागदावरचा पक्ष आणि बैठकीला येणारा पक्ष यांच्यातलं अंतर किती, हे कोणालाच माहीत नसतं, आणि पुढाऱ्याला ते माहीत करून घ्यायचंही नसतं.

निवडणुकांचे आकडे मात्र सरकार मोजतं, तिथे फुगवता येत नाहीत. फेब्रुवारी १९७४ मध्ये पक्षाने नऊ उमेदवार उभे केले. व्हॅनेसा रेडग्रेव्ह ही प्रसिद्ध अभिनेत्री त्यांत होती. १९७९ साली एकदम साठ. का साठ? कारण पन्नास जागा लढवणाऱ्या पक्षाला टीव्हीवर प्रचाराचा मोफत वेळ मिळत असे. अनामत प्रत्येकी १५० पौंड, म्हणजे नऊ हजार पौंड. ती वाचवायला साडेबारा टक्के मतं लागत. साठ जणांना मिळून मतं पडली १२,६३१. सरासरी माणशी दोनशे दहा. सगळ्या अनामती गेल्या. एका प्रक्षेपणासाठी हा सौदा महाग होता की स्वस्त, यावर वाद घालता येईल. पण साठ मतदारसंघांत पत्रकं, पोस्टर आणि माणसं पुरवताना शाखांचं जे झालं असेल त्याचा हिशेब कुठल्याच अहवालात नाही.

‘वर्कर्स प्रेस’ १९७६ च्या फेब्रुवारीत बंद पडलं. कारण उघड होतं, पैसा संपला. कुठल्याही शहाण्या संघटनेने इथे साप्ताहिकावर यायला हवं होतं. पक्षाने १ मे १९७६ रोजी ‘न्यूज लाइन’ नावाचं नवं दैनिक काढलं, तेही अधिक झगमगीत, रंगीत छपाईचं, खेळाच्या आणि टीव्हीच्या पानांसह. लिव्हरपूलजवळच्या रन्कॉर्नला स्वतःचा ऑफसेट छापखाना. पैसा संपलेल्या पक्षाला तीन महिन्यांत एवढं भांडवल कुठून आलं, हा प्रश्न सभासदांनी विचारायला हवा होता. काहींनी विचारलाही असेल.

उत्तर नऊ वर्षांनी मिळालं. पक्ष त्रोत्स्कीवादी पक्षांच्या ज्या आंतरराष्ट्रीय समितीचा भाग होता, तिने नेमलेल्या चौकशीचा अहवाल डिसेंबर १९८५ मध्ये मांडला गेला. १९७७ ते १९८३ या काळात मध्यपूर्वेतून आलेला पैसा त्यांना कागदोपत्री सापडला तो असा : लिबिया ५,४२,२६७ पौंड, कुवेत १,५६,५००, कतार ५०,०००, अबुधाबी २५,०००, पॅलेस्टाइन मुक्ती संघटना १९,९९७, इराक १९,६९७, आणि उगम न कळलेले किंवा इतर २,६१,७०२. एकूण १०,७५,१६३ पौंड. वर्षाला सरासरी दीड लाख. अहवाल लिहिणारे हीलीचे विरोधक होते, हे लक्षात ठेवून वाचायचं. पण पक्षाचा सूर आणि पैशाचा ओघ यांचं नातं बघायला अहवाल लागतच नाही, दैनिकाची जुनी पानं पुरतात. इराकच्या बाथ राजवटीने तिथल्या कम्युनिस्टांना फासावर दिलं, त्या फाशीचं समर्थन ‘न्यूज लाइन’ने १९७९ साली छापलं. कामगारांचं दैनिक कम्युनिस्टांच्या फाशीचं समर्थन करतं, ही घसरण कुठल्या प्रबंधाने झाली नव्हती. कागदाचं बिल भरायचं होतं.

आणखी एक दोष इथेच सांगायला हवा. या पैशाबद्दल बाहेर कोणी लिहिलं की पक्ष कोर्टात जायचा. दुसऱ्या एका छोट्या त्रोत्स्कीवादी गटाच्या संपादकाने पक्षावर टीका केली, तेव्हा रेडग्रेव्हने त्याच्यावर अब्रूनुकसानीचा दावा लावला. भांडवली न्यायालय म्हणून ज्याचा उद्धार करायचा, त्याच्याच दारात एका डाव्याने दुसऱ्या डाव्याला ओढायचं. अशा दाव्यात हार-जीत गौण असते. समोरच्या गटाचा वकिलावर झालेला खर्च हीच शिक्षा.

मतभेद करणाऱ्यांचं काय होई, याचा नमुना म्हणजे ॲलन थॉर्नेट. ऑक्सफर्डजवळच्या काऊली इथल्या ब्रिटिश लेलँडच्या मोटार कारखान्यातला हा कामगार नेता. त्याच्यामुळे पक्षाला खऱ्या कारखान्यात खरी मुळं होती. अशा पक्षांकडे ही गोष्ट क्वचितच असते. १९७४ साली त्याने भूमिका मांडली की पक्ष रोज उठून क्रांती आणि लष्करी बंड दारात आल्याचं सांगतो, पण कामगारांच्या आजच्या मागण्यांशी त्याचा सांधा जुळत नाही. आजच्या मागण्यांपासून क्रांतीपर्यंत पूल बांधणाऱ्या त्रोत्स्कीच्या १९३८ च्या ‘संक्रमणकालीन कार्यक्रमा’कडे परत जाऊ या. नियमाप्रमाणे या मांडणीवर अधिवेशनात चर्चा व्हायला हवी होती. डिसेंबर १९७४ मध्ये, अधिवेशन भरण्याआधीच, त्याची हकालपट्टी झाली. त्याच्याबरोबर सुमारे दोनशे जण गेले. काऊलीचा पाया गेला.

या यंत्रणेचे भाग नीट पाहावेत, कारण ते जगभर जवळपास सारखेच असतात. केंद्रीय समिती निवडली जाते ती पॅनेलने; मावळती समितीच नव्या नावांची यादी ठेवते आणि प्रतिनिधी ती अख्खी स्वीकारतात किंवा अख्खी फेटाळतात. एकट्यादुकट्या नावावर मत देता येत नाही, त्यामुळे यादी कधीच पडत नाही. मतभेद मांडण्याची मुभा अधिवेशनाआधीच्या काही आठवड्यांपुरती. एका शाखेने दुसऱ्या शाखेशी थेट पत्रव्यवहार करायचा नाही. सगळं वरून खाली आणि खालून वर. त्यामुळे एकाच तक्रारीने दहा गावांत दहा जण पोळत असतील, तरी प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच. वरच्या बैठकीत जे बोलतात त्यांतले बहुतेक पूर्णवेळ कार्यकर्ते, म्हणजे ज्यांचं घरभाडं पुढाऱ्याच्या मर्जीवर. आणि शेवटी नियंत्रण आयोग, तक्रारींची चौकशी करणारा. तो नेमायचा कोणी? ज्यांच्याविरुद्ध तक्रार होऊ शकते त्यांनीच. कुंपणच शेत खातं.

त्यावर पांघरूण म्हणून होता संशय. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या भावंड-संघटनेचा पुढारी टिम वोल्फोर्थ याला पदावरून काढलं गेलं, कारण त्याच्या जोडीदार बाईंचे एक नातेवाईक सीआयएत होते आणि ते सांगितलं नव्हतं. पुढच्या वर्षी हीलीने त्रोत्स्कीच्या खुनाची ‘सुरक्षा चौकशी’ सुरू केली आणि मेक्सिकोत त्रोत्स्कीचा सचिव असलेल्या जोसेफ हॅन्सनलाच हेर ठरवलं. जानेवारी १९७७ मध्ये जगभरचे एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे त्रोत्स्कीवादी लंडनच्या एका सभेत याच आरोपाच्या निषेधासाठी एकत्र आले. हीलीने घडवून आणलेली ती एकमेव खरीखुरी एकजूट म्हणावी लागेल. गंमत अशी की लंडन पोलिसांच्या गुप्त पथकाचा एक माणूस त्याच दशकात खरोखर पक्षात वावरत होता. ब्रिटनमधल्या गुप्त पोलिसी कारवायांच्या सरकारी चौकशीत ते अलीकडे उघड झालं. हेर शोधण्याचा एवढा सोस असलेल्या पक्षाला तो सापडला नाही. कारण संशयाचा वापर हेर शोधायला होतच नव्हता, प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करायला होत होता. हेर बिचारा प्रश्न विचारत नसणार; वेळेवर यायचा, वर्गणी भरायचा.

१९८४-८५ चा खाण कामगारांचा संप हा पक्षाचा शेवटचा मोठा ताण. वर्षभर ‘न्यूज लाइन’ने सार्वत्रिक संपाची हाक दिली, थॅचर सरकार हुकूमशाहीकडे निघालंय आणि सत्तेचा प्रश्न उभा आहे असं सांगितलं. मार्च १९८५ मध्ये खाण कामगार बँड वाजवत, झेंडे घेऊन कामावर परतले, हरलेले. ज्या सभासदांनी वर्षभर नोकऱ्या, संसार आणि बचत त्या भाकितावर लावली होती त्यांना आता काय सांगायचं? पक्षाने काही सांगितलं नाही. तुरुंगातल्या खाण कामगारांच्या सुटकेसाठी एक लांब पदयात्रा काढली. ती जूनअखेर लंडनमध्ये संपली.

त्याला लागूनच, १ जुलैला, हीलीची अनेक वर्षांची सचिव एक पत्र ठेवून निघून गेली. पत्रात तिने हीलीने पक्षातल्या तरुण बायकांचं लैंगिक शोषण केल्याचा आरोप केला होता आणि सव्वीस नावं दिली होती. पत्र राजकीय समितीपुढे आलं. समितीने ते दाबलं. हीलीकडून पुढे असं वागणार नाही असं लेखी घेतलं आणि प्रकरण मिटलं असं मानलं. डेव्ह हायलंड या यॉर्कशायरच्या कार्यकर्त्याने नियंत्रण आयोगाकडून चौकशीची मागणी लावून धरली नसती तर कदाचित ते मिटलंही असतं. ज्या बायकांनी सोसलं त्यांच्यासाठी पक्षात जाण्याचं एकही दार नव्हतं, ही या सगळ्या प्रकरणातली सर्वांत काळी गोष्ट. पुढच्या सगळ्या गटांनी त्या पत्राचा उपयोग केला, कोणी हत्यार म्हणून, कोणी सरकारी कटाचा पुरावा म्हणून. त्या सव्वीस जणींकडे मात्र फार थोड्यांचं लक्ष होतं.

पत्र जुलैचं, स्फोट ऑक्टोबरचा. मधले तीन महिने काय चाललं होतं? इथेही जमाखर्चच. उन्हाळ्यात बाहेर आलं की पक्षाला सुमारे अडीच लाख पौंडांची तूट आहे. नेतृत्वातल्या बहुतेकांना वर्षानुवर्षं खरे आकडे दाखवलेच गेले नव्हते. लिबियाचा पैसा आटला होता, शाखा पिळून कोरड्या झाल्या होत्या. सरचिटणीस माइक बांडा, तीस वर्षं हीलीचा उजवा हात, आता उलटला. लंडनमधल्या क्लॅपहॅमच्या मुख्य कार्यालयातले पूर्णवेळ कार्यकर्तेही बिथरले. लैंगिक शोषणाच्या आरोपावर जे गप्प बसले त्यांतल्या काहींना तुटीच्या आकड्याने कंठ फुटला, असं वाटत राहतं. हे वाटणं कटू आहे, पण तारखांचा क्रम तसाच आहे.

१२ ऑक्टोबरला केंद्रीय समितीने हीलीवर आरोप ठेवण्याचा ठराव २५ विरुद्ध ११ मतांनी मंजूर केला. १९ ऑक्टोबरला हकालपट्टी. विरोधातले अकरा, त्यांत शीला टॉरन्स आणि रेडग्रेव्ह भावंडं, त्यांनी हा सरकारी कट असल्याचं सांगितलं आणि वेगळी चूल मांडली. काही दिवस एकाच नावाचे दोन पक्ष आणि एकाच नावाची दोन ‘न्यूज लाइन’ दैनिकं लंडनच्या रस्त्यावर विकली जात होती. दोन्हींचे विक्रेते काल-परवापर्यंत एकाच गेटवर एकत्र उभे राहणारे.

आंतरराष्ट्रीय समितीने २५ ऑक्टोबरला एक तोडगा काढला, सभासदांची नव्याने नोंदणी. जो समितीचा अधिकार मान्य करील त्यालाच नवं सभासदत्व. ऐकायला साफसफाई, पण फुटीच्या ऐन मोसमात नव्याने नोंदणी म्हणजे मतदारयादी कोणाच्या हातात, हा प्रश्न. ज्याच्याकडे यादी त्याचं अधिवेशन, ज्याचं अधिवेशन त्याचा पक्ष, ज्याचा पक्ष त्याच्या मालमत्ता. स्लॉटर-बांडा गटाने आधी ते मान्य केलं, मग झिडकारलं. ८ फेब्रुवारी १९८६ च्या अधिवेशनात समितीच्या समर्थकांना दारातच अडवलं गेलं आणि त्यासाठी पोलीस बोलावले गेले. चार महिन्यांपूर्वीच्या एका पक्षाचे आता तीन झाले होते. टॉरन्स-हीली गट, स्लॉटर-बांडा गट, समितीच्या बाजूचा हायलंडचा गट. त्याच महिन्यात बांडाने आंतरराष्ट्रीय समिती का गाडून टाकावी याची सत्तावीस कारणं छापली आणि काही महिन्यांत तो त्रोत्स्कीवादातूनच बाहेर पडला. टॉरन्स आणि हीलीचं बिनसलं. हीलीने रेडग्रेव्ह भावंडांसह १९८७ मध्ये मार्क्सिस्ट पार्टी काढली. टॉरन्सच्या गटातूनही आणखी एक तुकडा निघाला. हीली डिसेंबर १९८९ मध्ये वारला, गोर्बाचेव्हच्या ग्लासनोस्तमध्ये, म्हणजे मोकळेपणाच्या धोरणात, आपल्याला हवी ती राजकीय क्रांती बघत.

या फुटीचं राजकारण काय होतं, असं कोणी विचारलं तर उत्तर देणं कठीण जातं. प्रबंध निघाले, ते पुष्कळ निघाले. पण जवळपास सगळे ऑक्टोबरनंतरचे. आधी माणसं तुटली, मग त्या तुटण्याला सिद्धान्त शिवले गेले. हायलंडचा गट आणि अमेरिकेतले त्यांचे साथी डेव्हिड नॉर्थ यांचा दावा वेगळा. नॉर्थने १९८२ पासून हीलीच्या तत्त्वज्ञानावर आणि मध्यपूर्वेतल्या राजवटींशी असलेल्या जवळिकीवर टीका लिहिली होती, हे खरं आहे. पण तिच्यावरही १९८५ पर्यंत चर्चा झाली नाही. चर्चा करायची जागाच शिल्लक नव्हती, तिथे ऑफसेट मशीन बसवलं होतं.

आपल्याकडचा एक धागा बांडाकडून निघतो. तो मूळचा सिलोनचा, आणि सिलोनच्या त्रोत्स्कीवाद्यांचं मुंबईशी जुनं नातं. १९४२ साली ब्रिटिशांच्या तुरुंगातून निसटलेले लंका समसमाज पक्षाचे पुढारी भारतात आले होते; एन. एम. परेरा आणि फिलिप गुणवर्धने हे दोघे १९४३ मध्ये मुंबईतच पकडले गेले. इथल्या आणि तिथल्या लोकांनी मिळून उभारलेला बोल्शेव्हिक-लेनिनिस्ट पक्ष १९४८ मध्ये समाजवादी पक्षात विरघळला. गुणवर्धने आणि परेरा यांचे रस्तेही पुढे सिलोनमध्ये वेगळे झाले.

आणि एका पत्राने पक्ष हलतो ते मुंबईकरांना नवं नाही. मार्च १९६४ मध्ये मुंबईच्या ‘करंट’ साप्ताहिकाने डांग्यांची म्हणून १९२४ मधली पत्रं छापली, ब्रिटिश सरकारला सहकार्य देऊ करणारी. पत्रं खरी की बनावट यावर रणं माजली. ११ एप्रिलला राष्ट्रीय परिषदेतून बत्तीस जण उठून गेले आणि वर्ष संपायच्या आत कम्युनिस्ट पक्षाचे दोन झाले. पण तिथे चीनचा प्रश्न, काँग्रेसशी नातं काय ठेवायचं हा प्रश्न, असे खरे, मोठे मतभेद आधीपासून उघड्यावर लढले जात होते. पत्राने फक्त काडी लावली. म्हणूनच फुटीनंतर दोन्ही पक्ष जगले, वाढले, राज्यंही चालवली. ज्या पक्षात भांडण आधी मोकळेपणाने होतं तो फुटला तरी त्याचे दोन पक्ष होतात. ज्यात भांडायलाच बंदी असते, त्याचा भुगा होतो.

टॉरन्सच्या गटाने ‘न्यूज लाइन’ सोडलं नाही. आजही त्या नावाचा पक्ष आहे आणि दैनिक निघतं. २०१५ च्या निवडणुकीत सात उमेदवार उभे होते, सर्वांची मिळून मतं पाचशेच्या आत. दैनिक जगवायला पक्ष किती लागतो, याचा किमान आकडा या लोकांनी शोधून काढला आहे असं म्हणता येईल.

स्लॉटरच्या बाजूच्या लोकांनी वेगळी वाट धरली. त्यांनी दैनिक सोडून ‘वर्कर्स प्रेस’ हे जुनं नाव साप्ताहिकाला दिलं. पुढारी नसलेल्या पक्षात कसं वागायचं हे त्यांना येत नव्हतं. बैठका लांबत, लोक गळत. पण १९९३ मध्ये त्यांनी एक काम केलं जे आधीच्या वीस वर्षांत झालं नव्हतं. बोस्नियातल्या तुझला शहराच्या खाण कामगारांनी १९८४ च्या संपात ब्रिटिश खाण कामगारांसाठी पगारातून पैसे दिले होते. आता तुझला वेढ्यात होतं. या गटाने इतरांना सोबत घेऊन ट्रक भरले, अन्न आणि औषधं गोळा केली आणि ताफा युद्धक्षेत्रातून तिकडे न्यायला निघाले. त्यासाठी दुसऱ्या गटांशी, मशिदींशी, युनियनच्या शाखांशी, लाइन न विचारता बोलावं लागलं. काही वर्षांनी, १९९६ च्या सुमारास, त्यांनी स्वतःहून ठराव करून पक्ष विसर्जित केला. मालमत्तेवरून भांडण्यासारखं तेव्हा फारसं काही उरलं नव्हतं.